गाडी घेतलीय? मग सीट बेल्टचा कायदा मागच्या सीटपासून समजून घ्या

औशाहून लातूरला येताना उसाच्या ट्रॉलीमागं अचानक ब्रेक मारावा लागला, तेव्हा माझ्या गाडीत पाच माणसं होती आणि बेल्ट फक्त मी एकट्यानं लावला होता. गाळपाचा हंगाम, रात्रीचे साडेनऊ, ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर नाही. गाडी धडकली नाही, पण मागच्या सीटवर मधे बसलेली आई दोन सीटांच्या फटीतून थेट पुढं आली आणि तिचा हात गिअरजवळ मोडला. मला खरचटलंसुद्धा नाही. त्या रात्री दवाखान्याच्या बाहेर बसून मी पहिल्यांदा स्वतःला विचारलं, की मागच्या लोकांना बेल्ट लावायला मी का सांगितलं नाही? उत्तर सरळ होतं. मला वाटायचं, बेल्ट पुढच्यांसाठी असतो.

तेव्हापासून आजपर्यंत चलनं, सेकंडहँड गाडी, लेकीची सीट, सीट कव्हरवाले, घरातली वडीलधारी माणसं या सगळ्यांतून जाऊन जे कळलं ते इथं क्रमानं लिहितोय. तुम्ही नुकतंच लायसन काढलं असेल, पहिली गाडी घेतली असेल किंवा गावाकडून शहरात येऊन गाडी चालवायला लागला असाल, तर हे तुमच्यासाठी आहे.

१. आधी कायदा काय म्हणतो ते नीट वाचा

दोन गोष्टी लक्षात ठेवल्या की पुरे.

पहिली म्हणजे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १३८. त्यातल्या तिसऱ्या उपनियमानुसार, ज्या गाडीत कंपनीनं नियमाप्रमाणे बेल्ट दिलेले आहेत, त्या गाडीत चालकानं, पुढच्या सीटवर बसलेल्यानं आणि मागच्या, पण पुढं तोंड करून असलेल्या सीटांवर बसलेल्यांनी गाडी चालू असताना बेल्ट लावायचा आहे. म्हणजे मागच्यांचा बेल्ट हा नवा नियम नाही. बातम्यांत त्याची चर्चा सप्टेंबर २०२२ नंतर वाढली, कारण ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात मागच्या सीटवरचे उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. नियम मात्र त्याआधीपासून पुस्तकात होता.

दुसरी म्हणजे मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम १९४ब. हे २०१९ च्या दुरुस्तीनं आलं. त्याच्या पहिल्या पोटकलमात दोन गुन्हे आहेत: स्वतः बेल्ट न लावता गाडी चालवणं आणि बेल्ट न लावलेले प्रवासी गाडीतून नेणं. दोन्हींसाठी दंड १,००० रुपये. दुसरं पोटकलम लेकरांबद्दल आहे. चौदा वर्षांखालचं मूल बेल्टनं किंवा लहान मुलांच्या खास सीटनं सुरक्षित न करता गाडी चालवली, किंवा तशी चालवू दिली, तरी १,००० रुपये.

आता त्या वाक्यातला ‘प्रवासी नेणं’ हा भाग परत वाचा. मागं बसलेल्या तुमच्या मेव्हण्यानं बेल्ट लावला नाही, तर कायदा बोट दाखवतो ते स्टेअरिंगवरच्या माणसाकडं. ‘मी लावलाय की साहेब’ हे उत्तर इथं चालत नाही. आणि लेकरांच्या पोटकलमात ‘चालवू दिली’ हेही शब्द आहेत, म्हणजे गाडी ड्रायव्हरच्या हातात देऊन लेकरांना तसंच बसवून पाठवणारा मालकही त्यात येतो.

अंतराची किंवा वेगाची सूट कुठंच लिहिलेली नाही. ‘हितंच मोंढ्यापर्यंत जायचंय’ याला कायद्यात जागा नाही. एअरबॅग आहे म्हणून सूट नाही, गरोदर बाईला म्हणून वेगळी सूट या कलमात नाही.

२. तुमच्या गाडीत कुणाला लागू, कुणाला नाही

इथं आपल्याकडं सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

साधी पाच सीटची कार असेल तर पाचही जणांना लागू. मागच्या मधल्या सीटवर कधीकधी फक्त कमरेचा पट्टा असतो. तोही बेल्टच, तो लावायचा.

सात-आठ सीटच्या गाडीत तिसरी रांग पुढं तोंड करून असेल तर तिलाही लागू. पण क्रूझर, ट्रॅक्ससारख्या काही गाड्यांत मागं समोरासमोर आडवी बाकं असतात. नियमात ‘पुढं तोंड असलेल्या’ सीटांचा उल्लेख आहे, त्यामुळं त्या बाकांवरच्या माणसांना तो तसा लागू होत नाही. याचा अर्थ ती जागा सुरक्षित आहे असा मात्र घेऊ नका. उलट, लग्नाच्या वऱ्हाडात लेकरं आणि म्हातारी माणसं नेमकी त्याच बाकांवर बसवली जातात आणि जाणते लोक पुढं बसतात. करायचं असेल तर उलटं करा.

रिक्षात, टमटममध्ये बेल्टचा प्रश्न येत नाही. काळी-पिवळी किंवा कुठलंही भाड्याचं वाहन मर्यादेपेक्षा जास्त माणसं कोंबून निघालं, तर त्यासाठी कलम १९४अ वेगळं आहे: जादा प्रत्येक माणसामागं २०० रुपये, आणि जादा माणसं उतरवून त्यांची दुसरी सोय लावल्याशिवाय गाडी पुढं जाऊ द्यायची नाही. पिकअप आणि ट्रकच्या केबिनमध्ये बेल्ट असतात. चालकानं आणि शेजारी बसलेल्यानं ते लावायचे. मोंढ्यात माल उतरवणाऱ्या कितीतरी पिकअपवाल्यांचे बेल्ट सीटमागं गुंडाळून धूळ खात पडलेले मी बघितलेत.

आणि पाच सीटच्या गाडीत सात जण? बेल्ट पाचच आहेत. सहावा आणि सातवा कायद्यानं आणि शरीरानंही उघडा. दोन खेपा करा किंवा दुसरी गाडी बघा.

३. गाडी ताब्यात घेताना बेल्ट तपासा, विशेषतः जुनी गाडी

मी घेतलेल्या सेकंडहँड गाडीत मागचे तिन्ही बकल सीट कव्हरखाली गाडले गेले होते. आधीच्या मालकानं कव्हर शिवून घेतलं तेव्हा कारागिरानं छिद्रच पाडलं नव्हतं. आईचा हात मोडला त्या रात्री मी सांगितलं असतं, तरी तिला बेल्ट लावता आला नसता. हे लिहिताना आजही घशात काहीतरी अडकतं.

म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा इंजिनाच्या आधी हे करा:

प्रत्येक सीटवर स्वतः बसा. बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. पट्ट्यावर कापलेली, उसवलेली, उंदरानं कुरतडलेली जागा आहे का बघा. शेतातल्या शेडमध्ये उभी राहिलेली गाडी असेल तर उंदराचं खास बघा. सोडल्यावर पट्टा आपोआप आत जातो का? मग हातानं एकदम जोरात झटका द्या. पट्टा जागीच अडकला पाहिजे. सावकाश ओढला तर सैल, झटका दिला तर घट्ट, हेच त्याचं काम. झटक्यालाही तो येतच राहिला तर ते यंत्र निकामी आहे.

बकलमध्ये ‘टक’ आवाज आला पाहिजे आणि लाल बटण दाबताच जीभ उडून बाहेर आली पाहिजे. आपल्याकडच्या मातीमुळं आणि सांडलेल्या चहा-सरबतामुळं बकल चिकट होतात. वर्कशॉपमध्ये साफ करून घ्या, घरी तेल सोडू नका. तेलावर धूळ आणखी बसते.

मग चावी फिरवा आणि डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा बघा. तो आधी लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. कायम लागून राहिला तर बिघाड आहे. मुळीच लागला नाही तर जास्त सावध व्हा: कुणीतरी जाणूनबुजून काढून ठेवलेला असू शकतो. बऱ्याच गाड्यांत बेल्टला अपघाताच्या क्षणी घट्ट ओढणारी एक यंत्रणा असते आणि ती एकदाच चालते. मोठा अपघात झालेल्या गाडीत बेल्टची जोडणी बदललेली असली पाहिजे. बिल मागा.

वर्षसुद्धा कामाचं आहे. १ जुलै २०१९ नंतर तयार झालेल्या कारमध्ये पुढच्या दोन्ही सीटांना बेल्टची आठवण देणारा बझर आणि ताशी ८० किमीच्या वर इशारा देणारी यंत्रणा सक्तीची आहे. एप्रिल २०२५ पासूनच्या नव्या गाड्यांत मागच्या सीटांसाठीही आठवणीचा बझर आला. जुन्या गाडीत मागं कोण बेल्टविना बसलंय हे गाडी सांगणार नाही. तुम्हाला मान वळवूनच बघावं लागेल.

सीट कव्हर बसवताना कारागिरापाशी उभे राहा. सगळे बकल वर काढून दाखव म्हणा, आणि पुढच्या सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर त्या जागेवर जाड कव्हर चढवू देऊ नका.

४. बेल्ट लावायची पद्धत

लावणं आणि नीट लावणं यांत फरक आहे. तीन टोकांचा हा पट्टा व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये बसवला तो एका साध्या विचारावर: धक्का मऊ पोटावर नाही, हाडांवर झेलायचा. कमरेचा भाग पोटावर नको, खाली, कंबरेच्या दोन्ही हाडांवरून गेला पाहिजे. वरचा भाग छातीच्या मधून आणि खांद्याच्या मध्यावरून, मानेला घासत नाही आणि खांद्यावरून निसटत नाही असा. पीळ नको. सीटची पाठ झोपेला लावल्यासारखी मागं पाडली, तर माणूस पट्ट्याखालून सरकतो. लांबच्या प्रवासात शेजारी बसलेल्यांना हे सांगावं लागतं.

साडी नेसलेल्या बायका पदर चुरगळतो म्हणून पट्टा काखेखालून घेतात. असं केलं की सगळा जोर बरगड्यांवर येतो. पदर आधी पुढं घ्या, पट्टा त्यावरून खांद्यावर, मग पदर मोकळा करा. गरोदर बाईनं कमरेचा पट्टा पोटाच्या खालून, मांड्यांच्या वर, आणि वरचा दोन्ही स्तनांच्या मधून घ्यायचा. पोटावरून कधीच नाही.

शाल, जॅकेट जाड असेल तर चेन उघडून पट्टा आत अंगाजवळ घ्या. खिशातला मोबाइल, चावीचा जुडगा पट्ट्याखाली येऊ देऊ नका.

५. वेगाचं गणित एकदा स्वतः करून बघा

घरातल्या माणसांना पटवायला मला कायद्यापेक्षा हे गणित जास्त उपयोगी पडलं.

ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर. या वेगानं गाडी थांबली आणि माणूस नाही थांबला, तर त्याचं पुढच्या काचेवर जाऊन आदळणं हे १० मीटर उंचीवरून पडण्याइतकं असतं. आपल्याकडच्या कोरड्या विहिरीच्या काठावर उभं राहून आत बघा. ताशी ८० ला ती उंची होते २५ मीटर. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० ची मुभा आहे. तिथं ती होते सुमारे ५७ मीटर, म्हणजे एकोणीस मजली इमारत.

मांडीवरच्या लेकराचं गणित याहून कठीण आहे. १० किलोचं लेकरू, ताशी ५० चा वेग, आणि गाडी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली, तर त्या क्षणी ते लेकरू तुमच्या हाताला जवळपास १४० किलोचं लागतं. क्विंटलभराची सोयाबीनची गोणी आणि वर आणखी चाळीस किलो. कुठली आई ते धरू शकेल? आणि आईनंही बेल्ट लावला नसेल तर तिचंच वजन लेकरावर येतं. हे मी आमच्या वहिनीला वहीवर करून दाखवलं, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. दुसऱ्या आठवड्यात तिनं स्वतः लेकराची सीट मागवली.

केंद्र सरकारच्या अहवालात २०२२ साली देशात बेल्ट न लावल्यामुळं गेलेल्यांचा आकडा १६,७१५ आहे. त्यात चालक ८,३८४ आणि प्रवासी ८,३३१. जवळजवळ निम्मे निम्मे.

६. लेकरांची सोय

कायदा चौदा वर्षांची रेषा आखतो, पण बेल्ट उंचीवर बसतो, वयावर नाही. मोठ्यांचा पट्टा साधारण १३५ सेंटिमीटर, म्हणजे साडेचार फुटांच्या आसपास उंची होईपर्यंत लेकराच्या गळ्यावर येतो. तोवर खास सीट लागते: तान्ह्यासाठी मागं तोंड करून बसवायची, मग पुढं तोंड असलेली, आणि नंतर नुसती उंची वाढवणारी बैठक.

घेताना भारतीय मानक एआयएस ०७२ किंवा आंतरराष्ट्रीय आर ४४, आर १२९ यांपैकी खूण आहे का बघा. तुमच्या गाडीच्या मागच्या सीटच्या बेचक्यात आयसोफिक्सचे, म्हणजे लेकराची सीट थेट गाडीला अडकवायचे, लोखंडी कडे आहेत का ते बोटानं चाचपा. असतील तर त्याच पद्धतीची सीट घ्या, ती चुकीची बसण्याची शक्यता कमी असते. जुन्या गाडीत नसतील तर बेल्टनं बांधायची सीट मिळते. बसवल्यावर धरून हलवा. इंचभरापेक्षा जास्त हलली तर परत बांधा.

पुढच्या सीटवर, एअरबॅग चालू असताना, मागं तोंड केलेली सीट कधीही ठेवू नका. एअरबॅग उघडताना तीच लेकराला मारते. सनरूफमधून लेकरू बाहेर काढून उभं करणं हा लाडाचा प्रकार नाही, एवढंच म्हणतो.

पहिले चार-पाच दिवस लेकरू रडेल. रडू द्या. आमची लेक सहाव्या दिवशी स्वतःच ‘टक’ म्हणायला लागली.

७. वडीलधाऱ्यांना कसं सांगायचं

हा टप्पा कुठल्याच नियमपुस्तकात नाही, पण आपल्याकडं सगळं इथंच अडतं. आमचे अण्णा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, बेल्ट लावा म्हटलं की म्हणायचे, “हितंच जायचंय की. कशाला बांधून घालायलास लेका?” थोरल्यांना परत परत सांगणं म्हणजे उद्धटपणा वाटतो, म्हणून आपण गप्प बसतो.

मी तीन गोष्टी केल्या. पहिली, गाडी सुरूच करत नाही. चावी हातात ठेवून शांत बसतो. दोन मिनिटं लागतात. दुसरी, दोष स्वतःवर घेतो: “अण्णा, चलन माझ्या नावावर येतंय, तेवढं माझ्यासाठी लावा.” थोरल्या माणसाला आपल्या जिवाची काळजी सांगितलेली आवडत नाही, पण पुतण्याचे पैसे वाचवायला तो लगेच तयार होतो. तिसरी, बेल्ट मी स्वतः लावून देतो. खांदेदुखीमुळं पाठीमागं हात जात नाही, हे बऱ्याच म्हाताऱ्यांचं खरं कारण असतं, आणि ते ते सांगत नाहीत.

तरीही ऐकलं नाही तर बीड जिल्ह्यातलीच आठवण सांगा. ३ जून २०१४ ला सकाळी दिल्लीत गोपीनाथ मुंडे विमानतळाकडं निघाले होते, मागच्या सीटवर बसून, शहरातल्या रस्त्यावर. दुसरी गाडी येऊन धडकली. मंत्रिपदाची शपथ घेऊन आठवडाच झाला होता. बेल्ट असता तर ते वाचले असते, असं तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी जाहीरपणे सांगितलं. ते स्वतः डॉक्टर. परळीत दुसऱ्या दिवशी लोटलेला जनसागर ज्यांनी पाहिला ते लोक आजही गावोगाव आहेत. अण्णांनाही त्या दिवशी रडताना मी पाहिलं होतं. ते मी एकदाच बोललो. परत सांगावं लागलं नाही.

‘गाडी पेटली, पाण्यात पडली तर बेल्टमुळं अडकू’ ही भीतीही मनापासूनची असते, तिला हसू नका. शुद्धीवर असलेला माणूस बटण दाबून सुटतो. डोकं आपटून बेशुद्ध झालेला सुटत नाही. बेल्ट माणसाला शुद्धीवर ठेवतो, एवढं समजावून सांगा आणि गाडी उभी असताना डोळे मिटून बटण दाबायचा सराव दोनदा करून घ्या.

८. हे सापळे टाळा

बझर बंद करायची क्लिप. बाजारात दहा ठिकाणी मिळते, बकलमध्ये घातली की गाडीला वाटतं बेल्ट लावलाय. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ई-कॉमर्स कंपन्यांना या क्लिपा काढायला लावल्या, आणि १३,११८ जाहिराती हटवल्या गेल्या. गाडी घेताना कुणी ‘फ्री’ दिली तर तिथंच मोडून टाका. बेल्ट आधी बकलमध्ये अडकवून त्यावर बसणं हाही त्याच जातीचा प्रकार. अशा वेळी अपघातात एअरबॅग उघडते आणि मोकळं अंग तिच्यावर जाऊन आदळतं. एअरबॅग बेल्टच्या मदतीला आहे, त्याच्या जागी नाही.

पोलीस दिसल्यावर पट्टा नुसता अंगावर ओढून धरणं. धावत्या गाडीत स्टेअरिंग सोडून हे करताना मी माणसं बघितलीत, तेही मांजरसुंब्याच्या घाटात.

मान घासते म्हणून पट्ट्याला चिमटा लावून सैल ठेवणं. झटक्याच्या वेळी ती सैल जागाच घात करते. बऱ्याच गाड्यांत पट्ट्याची उंची दोन दारांमधल्या खांबावरच्या कळीनं खालीवर होते, बऱ्याच जणांना ते माहीतच नसतं.

९. चलन आलं तर

गाडीत किंवा मोबाइलमध्ये हे असू द्या:

चालकाचं लायसन
गाडीचं आरसी
चालू विमा
पीयूसी

डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधली डिजिटल प्रत चालते, २०१८ मध्ये नियम १३९ मध्ये तशी दुरुस्ती झाली. कागदाचा किंवा स्क्रीनचा नुसता फोटो म्हणजे डिजिटल प्रत नव्हे.

रस्त्यात अडवलं तर गाडी बाजूला घ्या, वाद घालू नका, चूक असेल तर मान्य करा. दंड मशीनमधूनच होतो, पावती घ्या. पावतीविना रोख देऊ नका. कलमात १,००० लिहिलेत, पण जागेवर तडजोड म्हणून किती घ्यायचे हे राज्य सरकार ठरवतं. महाराष्ट्रानं सुधारित दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. म्हणून चलनावर जो आकडा छापलाय तोच भरायचा, शेजाऱ्यानं सांगितलेला नाही.

कॅमेऱ्यानं काढलेलं चलन मोबाइलवर येतं, पण आरसीला जोडलेला नंबर तुमचा असेल तरच. सेकंडहँड गाडीत तो आधीच्या मालकाचा राहून जातो. परिवहनच्या पोर्टलवर तो बदलून घ्या. महाट्रॅफिकच्या ॲपवर किंवा राज्याच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चॅसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की थकीत चलनं फोटोसकट दिसतात. जुनी गाडी घेण्याआधी हे बघितलंच पाहिजे, एमएच २० असो, २४ असो की ५५. नाव बदलताना थकलेली चलनं आडवी येतात.

फोटो मोठा करून बघा. मला एकदा बेल्ट लावलेला असताना चलन आलं होतं: काळा शर्ट, काळा पट्टा, संध्याकाळचा उजेड. त्याच ई-चलन संकेतस्थळावर तक्रारीची सोय आहे. मी फोटो जोडून लिहिलं, पट्टा खांद्यावर कुठं दिसतोय ते गोल करून दाखवलं. काही दिवसांनी चलन रद्द झालं. चूक खरीच आपली असेल तर मात्र लगेच भरा. राहून गेलेल्या प्रकरणांची नोटीस लोकअदालतीची येते, तिथंही तडजोड होते.

आणि व्हॉट्सॲपवर ‘तुमचं आरटीओ चलन’ म्हणून एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल, आली तर ती उघडू नका. ती चोरांची आहे. उघडली की बँकेच्या खात्यापर्यंत हात पोचतो. उघडलीच असेल तर ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा, आधी फोन, मग बाकी सगळं.

१०. दर सहा महिन्यांनी एक सकाळ

गाडी धुता त्याच दिवशी सगळे पट्टे पूर्ण बाहेर काढा, वर चिमटा लावून अडकवा, साध्या साबणाच्या कोमट पाण्यानं पुसा आणि सावलीत वाळू द्या. ब्लीच, पेट्रोल, कडक ऊन नको. धागा कमजोर होतो. ओला पट्टा आत सोडू नका. वाळल्यावर प्रत्येकाला एक झटका द्या. आमच्याकडं हे काम आता आई करते, मोडलेल्या त्याच हातानं, आणि मागच्या मधल्या सीटपासून सुरुवात करते.